इंजिन बदलताय? सेन्सरचं वायरिंग इथून सुरू करा

वायरींचा गुंता बघून घाबरू नका. एकेक सेन्सर हातात घेतला की तो सुटत जातो.

आधी त्याच इंजिनाचा आणि त्याच ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या कंप्युटरचा) वायरिंग डायग्राम मिळवा. वायरीच्या रंगावर विसंबू नका, मॉडेलचं वर्ष बदललं की रंगही बदलू शकतात. हार्नेस (वायरींचा जुडगा) काढतानाच प्रत्येक कनेक्टरला चिठ्ठी लावा.

सगळ्यात जास्त लक्ष ग्राउंडकडे, म्हणजे करंट परतण्याच्या वाटेकडे द्या. थ्रॉटल, मॅप (इनटेकमधला हवेचा दाब मोजणारा), कूलंट या सेन्सरांची ग्राउंड वायर ईसीयूच्या सेन्सर ग्राउंड पिनलाच न्या. जवळ दिसला म्हणून चासीचा बोल्ट पकडू नका! स्टार्टर आणि फॅनचा करंट चासीतूनच परततो, त्यामुळे रीडिंग हलतं आणि इंजिन अडखळतं. इंजिन ते चासी जाड अर्थ पट्टी मात्र हवीच, तीही रंग खरवडून.

नेहमी होणाऱ्या चुका:
- क्रँक सेन्सरची (क्रँकशाफ्टचं फिरणं टिपणाऱ्या सेन्सरची) वायर इग्निशन कॉइलच्या शेजारून नेणं. तिच्या शील्डचं (वायरीभोवतीच्या धातूच्या आवरणाचं) ईसीयूकडचं एकच टोक ग्राउंड करा.
- डॅशबोर्डवरच्या मीटरच्या टेंपरेचर सेंडरलाच ईसीयू जोडणं. ईसीयूला त्याचा स्वतःचा सेन्सर द्या.
- वायर ताणून बसवणं. खडकाळ वाटेवर इंजिन माउंटवर चांगलंच हलतं, ढील ठेवा.

स्टार्टर मारण्याआधी किल्ली ऑन करून थ्रॉटल सेन्सरला मल्टीमीटर लावा. पुरवठा ५ व्होल्ट हवा. थ्रॉटल हळूहळू पूर्ण उघडताना सिग्नल साधारण अर्ध्या व्होल्टपासून ४ च्या वर, मध्ये न तुटता चढला पाहिजे. एवढं जमलं की इंजिन सुरू करा. ट्यूनिंगचं नंतर बघू.