राखणीचा कुत्रा रात्री भुंकतो, आणि घरात कोणीतरी जागे राहते

नागपूर सोडून हिंगणा, कळमेश्वर किंवा उमरेडच्या बाजूला शेतात घर बांधून शेळीपालन करू लागलेली कुटुंबे माझ्याकडे पुन्हा पुन्हा एकच काळजी घेऊन येतात: शेळ्यांच्या राखणीसाठी पाळलेला कुत्रा रात्रभर भुंकतो, झोप होत नाही, घरात खटके उडतात, त्याला ठेवावे की द्यावे? अशाच एका दांपत्याची हकीकत, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, येथे मांडत आहे.

धनगरांच्या वाड्यावरून आणलेले आणि शेळ्यांतच वाढलेले त्यांचे पिल्लू आता वर्षाचे झाले होते. काकांना त्याच्या भुंकण्याचा आधार वाटे. काकूंची झोप मात्र दिवाळीनंतर पार उडाली होती. उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रभर कूलर चालतो आणि त्याच्या घरघरीत बाहेरचे आवाज बुडून जातात; थंडीत तो बंद झाला की दूरची कोल्हेकुईसुद्धा खोलीत येते. म्हणजे कुत्रा पूर्वीही भुंकतच होता.

भुंकणे ऐकल्यावर त्या काय करतात, असे मी विचारले. प्रत्येक वेळी उठून, बॅटरी घेऊन त्या शेळ्या मोजून येत आणि परतल्यावर पुढच्या भुंकण्याची वाट पाहत पडून राहत. काका निर्धास्त झोपत होते, कारण काकू उठत होत्या. ही गोष्ट दोघांपैकी कोणीही आजवर बोलून दाखवली नव्हती, आणि माझ्या मते खरा वाद कुत्र्याचा नव्हता, तो येथेच होता.

कुत्र्याविषयीही स्पष्ट बोलणे आवश्यक होते. कोल्हा, लांडगा रात्री फिरतात, म्हणून राखणही रात्रीच चालते. झुंज होण्याआधीच त्यांना परतवणे हाच भुंकण्याचा हेतू असतो. भुंकणे थांबवण्यासाठी विजेच्या झटक्याचा पट्टा बांधणे म्हणजे काम केल्याची शिक्षा देणे होय. दोन वर्षांच्या आतला कुत्रा पानाच्या सळसळीवरही भुंकतो. पुढे तो बराच निवडक होतो. मात्र बिबट्या कुत्र्यालाही उचलतो, म्हणून रात्री शेळ्या आणि कुत्रा दोघांनाही वरून जाळी असलेल्या बंदिस्त गोठ्यात ठेवावे, असा आग्रह मी धरला.

रात्री वाटून घेण्याचे ठरले. ज्याची पाळी नसेल त्याने मागच्या खोलीत पंखा लावून झोपायचे, आणि पाळी असलेल्यानेही भुंकणे एकाच दिशेने सतत चालू राहिले किंवा शेळ्या बिथरल्या तरच उठायचे. काकूंनी झोप कशीही झाली तरी सकाळी ठरल्या वेळीच उठावे, रात्री घड्याळ पाहू नये, झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळण्याऐवजी थोडा वेळ उठून बसावे, असेही सुचवले. शेजाऱ्यांनी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतील ध्वनिमर्यादेचा नियम दाखवला होता. त्यावर वाद न घालता काका स्वतः त्यांच्याकडे गेले, आणि त्यांच्या कुंपणालगतचा गोठा दुसऱ्या टोकाला हलवण्यात आला.

पाळी नसलेल्या रात्री काकू आता सलग झोपतात. पाळीच्या रात्री अजूनही एक-दोनदा जाग येतेच. दोघांना आता दुसरे पिल्लू आणायचे आहे. पहिला पुरता शहाणा होईपर्यंत थांबावे, असे मी सांगितले आहे, कारण नवे पिल्लू मोठ्याचे पाहून अकारण भुंकणेही उचलते.