ढालीवरची माहेरं

वाचकांचे प्रश्न : लिथुआनियाच्या सरदार घराण्यांची कुलचिन्हं

व्हिल्नियसच्या जुन्या चर्चमध्ये चार खणांच्या ढाली कोरलेल्या दिसतात. एका माणसाला चार चिन्हं कशी? (नाशिक)

त्याचं स्वतःचं चिन्ह एकच. बाकीची तीन घरातल्या बायकांनी माहेराहून आणलेली आहेत. लिथुआनियाच्या ग्रँड डचीत, म्हणजे तिथल्या जुन्या राज्यात, सोळाव्या शतकापासून ही पद्धत रुळली. नेहमीचा क्रम असा: पहिला खण स्वतःच्या घराण्याचा, दुसरा आईच्या माहेरचा, तिसरा वडिलांच्या आईच्या माहेरचा आणि चौथा आईच्या आईच्या माहेरचा. वडिलांचे वडील पहिल्या खणात येतात आणि आईचे वडील दुसऱ्या, म्हणजे आजी-आजोबांची चारही घरं ढालीवर हजर असतात.

खण वरून मोजायचे. वरचे दोन पहिला आणि दुसरा, खालचे दोन तिसरा आणि चौथा. कुलचिन्हांच्या शास्त्रात उजवी बाजू ढाल धरणाऱ्याची मानतात, त्यामुळे पहिला खण आपल्याला वर डावीकडे दिसतो. नवख्यांची पहिली चूक इथेच होते. दुसरी होते मोहरेच्या शिक्क्यापाशी. धातूचा ठसा उलटा कोरलेला असतो, म्हणून वाचायचं ते मेणावर उमटलेलं चित्र. संग्रहालयाने ठशाचाच फोटो लावला असेल तर आधी तो आरशासारखा फिरवून घ्या, नाहीतर आई आणि बाप यांची अदलाबदल होते.

उदाहरण घेऊ मिकालोयुस राद्विला रुदासिसचं (१५१२–१५८४), पोलंडच्या राणी बार्बोराच्या भावाचं. राद्विलांचं चिन्ह ‘त्रॉम्बी’, म्हणजे तोंडाशी जुळलेली तीन शिकारी शिंगं. आई बार्बोरा कोला पोलंडची, तिच्या माहेरचं ‘युनोशा’, म्हणजे मेंढा. वडिलांची आई सोफिया मान्विदास घराण्यातली, तिचं ‘लेलिवा’, म्हणजे चंद्रकोर आणि वर तारा. नियमाने शिंगं, मेंढा आणि चंद्रकोर या क्रमाने पहिले तीन खण भरतात.

ही ढाल सावत्र नातीही सांगते. दोन भावांच्या ढालींत पहिला आणि तिसरा खण सारखा, पण दुसरा आणि चौथा वेगळा असेल, तर बाप एक आणि आया दोन. दुसरा आणि चौथा जुळला आणि पहिला-तिसरा वेगळा असला, तर आईने पुनर्विवाह केला. मात्र एखाद्या कारागिराने तिसरा-चौथा खण उलटसुलट केल्याचंही आढळतं, म्हणून एकट्या ढालीवर वंशवृक्ष उभा करू नये. लग्नाचा करार किंवा मृत्युपत्र जोडीला हवंच.

ढालीच्या मध्यावर आणखी एक छोटी ढाल असेल, तर स्वतःचं चिन्ह बहुधा त्या मधल्या ढालीत असतं. मग भोवतीच्या खणांत आई, दोन्ही आज्या आणि कधीकधी एखादी पणजीही बसते. आणि सापिएगांसारख्या बड्या घराण्यांच्या बाबतीत सावध राहा. त्यांची अनेक खणांची ढाल पुढे वंशपरंपरेने तशीच चालत राहिली. त्यामुळे उशिराच्या सापिएगाच्या ढालीत त्याची आजी शोधू नका, ती तिथे नाही.

भोवतीची अक्षरं आधी वाचावीत. नाव, आडनाव आणि हुद्दा यांची ती आद्याक्षरं असतात. शेवटी येणारी पोलिश ‘डब्ल्यू-एक्स-एल’ (WXL) ही तीन अक्षरं म्हणजे लिथुआनियाची ग्रँड डची. हुद्दा बदलला की शिक्का नवा होई, त्यामुळे अक्षरांवरून ढालीचं साल बऱ्यापैकी जवळ येतं.

दोन घराण्यांचं चिन्ह एकच असेल, तर ती एका रक्ताची का? (सोलापूर)

नाही. हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. पश्चिम युरोपात चिन्ह साधारणपणे एका घराण्याचं. पोलंड-लिथुआनियात मात्र चिन्हाला स्वतःचं नाव असतं आणि एकाच नावाखाली एकमेकांशी संबंध नसलेली कितीतरी आडनावं असतात. आपल्याकडे देवक एक असलं तरी आडनावं अनेक असू शकतात, तसाच काहीसा प्रकार.

याचं मूळ २ ऑक्टोबर १४१३ च्या होरोद्वो करारात आहे. पोलंडचा राजा योगाइला आणि लिथुआनियाचा ग्रँड ड्यूक व्हितौतास यांच्या साक्षीने ४७ पोलिश घराण्यांनी लिथुआनियाच्या कॅथलिक सरदारांना आपापली चिन्हं दिली. व्हिल्नियसच्या मान्विदासला लेलिवा मिळालं, क्रिस्तिनास आस्तिकासला त्रॉम्बी, योनास गोश्तौतासला ‘हाब्दांक’. राद्विला या आस्तिकासचेच वंशज, म्हणून त्यांच्याकडे शिंगं. ऑर्थोडॉक्स सरदार या करारातून वगळले होते. त्यांना १४३४ मध्ये हे हक्क मिळाले.

लेलिवाचंच पाहा. पोलंडचे तार्नोव्स्की, लिथुआनियाचे मान्विदास आणि पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मुळाचे तिश्केविच, तिघांकडे तीच चंद्रकोर. पहिल्या दोघांना करार जोडतो, रक्त नव्हे, आणि तिश्केविच तर त्या करारातही नव्हते.

लिथुआनियन सरदार रोमन वंशाचे होते, हे खरं का? (बेळगाव)

दंतकथा, पण फार कामाची दंतकथा. सोळाव्या शतकातल्या इतिवृत्तांत पालेमोन नावाचा रोमन सरदार ५०० कुलीन घराणी घेऊन बाल्टिक किनाऱ्याला लागतो. पोलिश सरदारांपुढे आम्हीही जुने, हे ठसवायला अशी कथा हवीच होती. सापिएगांनी तर आपला वंश थेट लिथुआनियाच्या गेदिमिनासच्या राजघराण्याला जोडला. कागदोपत्री त्यांचा मूळपुरुष पंधराव्या शतकातला राजाचा लेखनिक आहे.

पात्सास घराण्याने फ्लोरेन्सच्या पात्सी घराण्याशी नातं सांगितलं आणि त्या घराण्यातल्या संत मारिया माग्दालेनाची भक्ती आरंभली. पण चिन्हं शेजारी ठेवून पाहा. फ्लोरेन्सच्या पात्सींकडे पाठीला पाठ लावलेले दोन डॉल्फिन, लिथुआनियाच्या पात्सासांकडे ‘गोझ्दावा’, म्हणजे दुहेरी लिली. आडनावं उच्चारात जुळतात, एवढंच. कौनासजवळच्या पाझायस्लिसच्या मठात त्यांची लिली पाहायला मिळेल. तो मठ क्रिस्तुपास झिगिमांतास पात्सासने बांधवला.

सासूबाईंचं माहेर लिथुआनियाचं. घरात कुलचिन्हाची चौकट आहे. खरं-खोटं कसं तपासावं? (लंडन)

चौकट बाजूला ठेवा. आडनाव टाकलं की चिन्ह छापून देणारी दुकानं जगभर आहेत. ती त्याच आडनावाच्या दुसऱ्याच घराण्याचं चिन्ह हातात देतात. सुरुवात सासूबाईंपासून करा आणि एकेक पिढी मागे जा.

चर्चच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदवह्यांपैकी बऱ्याच ‘एपावेल्दास’ या संकेतस्थळावर पाहता येतात. साधारण १८४८ पासून पहिल्या महायुद्धापर्यंतच्या नोंदी रशियन भाषेत आहेत, त्याआधीच्या पोलिश किंवा लॅटिनमध्ये. म्हणून आडनाव लिथुआनियन, पोलिश आणि रशियन अशा तिन्ही प्रकारे लिहून ठेवा: लिथुआनियन राद्विला पोलिश कागदात राद्झिविल होतो. बाईच्या आडनावाचा शेवटही पाहा: ‘-एने’ म्हणजे सासरचं, ‘-आइते’, ‘-इते’ किंवा ‘-उते’ म्हणजे माहेरचं. रशियन अमलातल्या तारखा ज्युलियन पंचांगाच्या असतात. एकोणिसाव्या शतकात त्या आपल्या तारखेच्या १२ दिवस मागे असतात.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत पोहोचलात की व्हिल्नियसच्या राज्य ऐतिहासिक अभिलेखागाराकडे वळा. तिथला ३९१ क्रमांकाचा संग्रह म्हणजे व्हिल्नियस प्रांताच्या सरदार-प्रतिनिधी सभेचं दप्तर. १७९५ मध्ये लिथुआनियाचा बहुतेक भाग रशियाच्या ताब्यात गेला. त्यानंतर रशियाने प्रत्येक घराण्याला कुलीनपणा सिद्ध करायला लावला, तेव्हा लोकांनी वंशावळ, चिन्हाचं चित्र आणि जुने दस्तऐवज या सभेपुढे मांडले. सभेचा निर्णय पुढे सेंट पीटर्सबर्गच्या कुलचिन्ह खात्याकडे जाई. १८३१ च्या रशियाविरुद्धच्या उठावानंतर पुरावा नसलेल्यांना सरदारवर्गातून काढून टाकलं. त्या भीतीने खोटे कागदही पुष्कळ तयार झाले.

म्हणून फाइल मिळाल्यावर तीन गोष्टी पाहा: पीटर्सबर्गची मंजुरी आहे का, सर्वांत जुन्या दस्तऐवजातलं गाव आणि नंतरच्या पिढ्यांचं गाव जुळतं का, आणि मधल्या एखाद्या पिढीचा आधार नुसती तोंडी साक्ष तर नाही ना. वंशावळीच्या वरच्या टोकाला सोळाव्या शतकातला मोठा हुद्देदार बसवलेला असेल आणि त्याच्याखाली शंभर वर्षं रिकामी असतील, तर तो पूर्वज उसना आहे असं धरून चाला.

काळ्यापांढऱ्या छापील चित्रात चिन्हाचा रंग कसा ओळखावा? (पणजी)

सतराव्या शतकात रेघांची खूण ठरली: उभ्या रेघा लाल, आडव्या निळा, ठिपके सोनेरी, कोरी जागा चांदीची. लेलिवाच्या ढालीवर आडव्या रेघा आणि चंद्रकोरीत ठिपके दिसतील. त्याआधीच्या शिक्क्यांवर ही सोय नाही, तिथे रंगाचा अंदाज बांधू नये.