विज्ञानाचा प्रयोग वहीत कसा लिहावा? निरीक्षण आणि अनुमान यांत नेमका फरक काय?

प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो, कारण वह्या तपासताना गुण तिथेच जास्त कापावे लागतात.

डोळ्यांना दिसले, कानाला ऐकू आले, उपकरणाने दाखवले तेवढेच निरीक्षण. मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात लोखंडी खिळा ठेवला की मुले निरीक्षणात लिहितात, 'खिळ्यावर तांबे जमा झाले.' दिसला होता तांबूस थर, आणि निळे द्रावण फिकट हिरवट होत गेले. लोहाने तांब्याला विस्थापित केले, हे त्यावरून काढलेले अनुमान. तसेच धातूवर आम्ल टाकण्याच्या प्रयोगात 'हायड्रोजन बाहेर पडला' असे निरीक्षण नसते. बुडबुडे आले आणि पेटती काडी जवळ नेल्यावर 'फट्' असा आवाज झाला, हे निरीक्षण. (जाता जाता: मोरचुदाचे द्रावण पारदर्शक असते, रंगहीन नव्हे. ही गफलत फार वह्यांत दिसते.)

आता लिखाणाकडे. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, आकडेमोड, अनुमान हा क्रम वहीत ठेवा, पण लिहायला त्या क्रमाने बसू नका. निरीक्षणाचा तक्ता आधीच आखून ठेवावा, स्तंभांच्या डोक्यावर एकके लिहावीत आणि प्रयोग चालू असतानाच तो पेनने भरावा. आकडा चुकला तर एक रेघ मारा. खोडलेला आकडाही वाचता आला पाहिजे. कृती भूतकाळात लिहा. पुस्तकात 'घ्या, मोजा' असते, कारण ते सूचना देते. तुम्ही काय केले ते सांगता आहात.

खरी परीक्षा उत्तर 'चुकते' तेव्हा होते. समजा, १ मीटर लांबीच्या लंबकाला २० दोलनांसाठी ४०.४ सेकंद लागले. आवर्तकाल, म्हणजे एका दोलनाचा वेळ, २.०२ सेकंद आणि त्यावरून गुरुत्वत्वरण ९.६८ मी/से² येते. इथे बरेच विद्यार्थी हळूच ४०.४ चे ४०.१ करून पुस्तकातले ९.८ गाठतात. तसे करू नका. ९.६८ लिहा आणि फरक कुठून आला ते शोधा. स्टॉपवॉच दाबताना ०.३ सेकंदाची गडबड झाली तरी उत्तरात सुमारे दीड टक्का, म्हणजे ०.१५ इतका फरक पडतो. तुमचा ०.१२ चा फरक त्यात बसतो. हे एक वाक्य 'मानवी चुकीमुळे फरक आला' या पोकळ वाक्यापेक्षा कितीतरी मोलाचे आहे. लांबी गोळ्याच्या केंद्राऐवजी वरच्या टोकापर्यंत मोजली असेल, तर तेही आलेखात दिसते: आवर्तकालाचा वर्ग आणि लांबी यांची रेषा सरळच येते, पण आरंभबिंदूतून जात नाही.

न जुळणारा आकडा जपण्याचे उत्तम उदाहरण ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांचे. हवेतून मिळवलेला नायट्रोजन रासायनिक संयुगांतून मिळवलेल्यापेक्षा सुमारे अर्ध्या टक्क्याने जड भरत होता. त्यांनी तो फरक दडपला नाही. १८९२ मध्ये उघडपणे इतरांना कारण विचारले. त्या पाठपुराव्यातून १८९४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांच्यासह त्यांना हवेतल्या नायट्रोजनात मिसळलेला आर्गॉन हा जड वायू सापडला.

साहित्यात फार वेळ घालवू नका, फक्त मोजमापाच्या उपकरणांचे लघुतम माप (त्यावर मोजता येणारे सर्वांत लहान माप) लिहा. आकृती पेन्सिलीने, छायांकन न करता काढा आणि नावे एकाच बाजूला द्या.