बेळगावजवळच्या जुन्या घरात फळ्यांच्या जमिनीखालून येणारा कुबट वास कसा घालवावा?

तुम्ही लिहिलंय की माजघराच्या फळ्यांखाली दोन-अडीच फूट पोकळी आहे, मिरगाचा पाऊस लागला की तिथून कुबट वास येतो, आणि कापूर, ऊद, डांबरगोळ्या सगळं करून झालं तरी तो जात नाही. आमच्या सासरी, खानापूर तालुक्यात, हेच होतं. आजेसासऱ्यांनी भात ठेवायला केलेली पोकळी, वर सागवानी फळ्या. सासूबाईंना दमा आहे. आषाढ लागला की त्यांची रात्र उशाला टेकून बसूनच जायची. त्यामुळे मी या वासाचा पिच्छा सोडला नाही, आणि तीन पावसाळ्यांनंतर तो गेला.

सगळ्यात आधी डांबरगोळ्या आजच बाहेर काढा. त्यांची वाफ फळ्यांच्या फटींतून वर घरातच येते. घरात तान्हं बाळ असेल तर ती जास्त घातक, कारण काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी तिने फुटतात. शिवाय त्यांनी वास झाकला जातो, ओल तशीच राहते. ओल्या मातीत आणि लाकडात वाढणारे जंतू आणि बुरशी जी द्रव्यं हवेत सोडतात, त्यांचाच तो वास. कौलारू घरात ऊन हवा वर जाऊन कौलांच्या फटींतून निघून जाते आणि तिच्या जागी खालची हवा ओढली जाते. म्हणजे पोकळीत जे काही आहे, त्याच हवेत आपण श्वास घेतो. सासूबाईंचा दमा पावसाळ्यात का वाढतो ते मला हे कळल्यावर उमगलं.

आता ओल कुठून येते ते बघा. जाड पॉलिथिनचा दोन बाय दोन फुटांचा तुकडा पोकळीतल्या मातीवर पसरा, चारी कडांवर माती किंवा विटा दाबा आणि एक दिवस ठेवा. खालच्या बाजूला थेंब धरले तर ओल जमिनीतून येतेय. वरच्या बाजूला धरले तर हवेतली वाफ गार जागी बसतेय. आमच्याकडे दोन्हीकडे होते.

जमिनीतल्या ओलीचं कारण बहुतेक वेळा घराबाहेर सापडतं. एका मुसळधार पावसात छत्री घेऊन घराभोवती फेरी मारा. मी मारली तेव्हा दिसलं की पागोळ्यांचं सगळं पाणी जोत्यापासून हातभर अंतरावर पडत होतं आणि तिथेच मुरत होतं. हिशेब करून बघा: हजार चौरस फुटांच्या छपरावर 100 मिलिमीटर पाऊस पडला, तर साधारण 9,300 लिटर पाणी होतं. आमच्या तालुक्यातल्या कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात असा दिवस नवलाचा नसतो. त्यातून खानापूरकडची माती पुष्कळ ठिकाणी चिकण, विटा-कौलं करायच्या कामाची. ती पाणी धरून ठेवते. भरीला गल्लीचं काँक्रीट दोनदा झालं, प्रत्येक वेळी जुन्यावरच नवं ओतलं, आणि रस्ता जोत्याच्या बरोबरीला आला. पूर्वी घरापासून लांब जाणारं पाणी आता घराकडे वळतं. याचं मला अजून वाईट वाटतं, कारण जुन्या माणसांनी जोतं उंच ठेवलं होतं ते उगीच नव्हे.

आम्ही वळचणीला पत्र्याची पन्हळ लावली आणि तिचं पाणी पाइपाने परसात लांब सोडलं. जोत्याभोवती मुरूम ठोकून बाहेरच्या बाजूला उतार दिला, दहा फुटांत सहा इंच. चढाच्या अंगाला दोन फूट खोल चर खणून खडीने भरला. न्हाणीची मोरीही तपासा. आमच्या मोरीच्या कोपऱ्यातली फट बोटभर होती, आणि रोजच्या आंघोळीचं पाणी तिथून सरळ पोकळीत उतरत होतं. नुसती ती फट बुजवल्यावर निम्मा वास कमी झाला असं मी म्हणेन.

झरोक्यांबद्दल मात्र मी सविस्तर सांगते, कारण इथेच आमची दोन वर्षं वाया गेली. आमच्या जोत्याला दोन झरोके आहेत. जो तो सांगायचा, वारा खेळू द्या, वास जाईल. म्हणून आम्ही ऐन पावसाळ्यात ते सताड उघडे ठेवायचो, आणि वास वाढायचा. कारण असं: 25 अंशांना 1 घनमीटर हवेत जास्तीत जास्त 23 ग्रॅम वाफ मावते, 20 अंशांना 17 ग्रॅमच. श्रावणात उघडीप पडते, बाहेरची हवा तापते पण दमटच असते. ती पोकळीत शिरली की गार दगडाला आणि फळीला लागून तिच्यातली जास्तीची वाफ पाणी होऊन बसते. दिवसभर पाऊस असतो तेव्हा तर बाहेरची हवाच पाण्याने भरलेली, ती काय वाळवणार? तेव्हा आमचा नियम आता असा आहे: मिरगापासून पाऊस सरेपर्यंत झरोक्यांना फळी लावून बंद, दिवाळीनंतर कोरडा वारा सुटला की उघडे, आणि एका झरोक्याशी टेबलफॅन बाहेर तोंड करून. फाल्गुनापर्यंत माती हाताला भुसभुशीत लागते. झरोक्यांना बारीक जाळी बसवाच, नाहीतर घुशी येतात.

माती वाळल्यावर तिच्यावर 600 गेजची, म्हणजे 150 मायक्रॉनची, पॉलिथिनची चादर अंथरली. जोडावर फूटभर एकावर एक, वर चिकटपट्टी, आणि भिंतीला सहा इंच चढवलेली. ओल्या मातीवर घाईने अंथरू नका, आधी वाळू द्या. चादरीच्या वरची वीतभर भिंत डोळ्यांना दिसेल अशी मोकळी ठेवा, वाळवीच्या मातीच्या नळ्या तिथेच पहिल्यांदा दिसतात.

एका ओळखीच्या मिस्त्रीने आतून सिमेंटचा गिलावा करून टाका म्हणून सांगितलं होतं. आम्ही एका भिंतीला केला. जांभ्याचा चिरा पाणी शोषतो, त्याला श्वास घ्यायला जागा उरली नाही आणि ओल तीन फूट वर चढून माजघराच्या भिंतीवर उमटली. तो गिलावा खरवडून काढला आणि विरवलेल्या चुन्याचे दोन हात दिले. चुन्यावर बुरशी सहजी धरत नाही आणि भिंतीतली वाफ बाहेर पडते. चुना विरवताना तो उकळतो, डोळ्यांना चष्मा हवाच. कोपऱ्यात चुनकळीची (न विरवलेल्या चुन्याची) पाटी ठेवायचा सल्ला मात्र फारसा उपयोगाचा नाही. 10 किलो चुनकळी फार तर 3 लिटर पाणी पिते आणि संपते.

आत जे कुजतंय तेही बाहेर काढावं लागेल: जुनी पोती, पेंढा, फुटक्या फळ्या. बुरशी आलेल्या चांगल्या फळ्या साबणाच्या पाण्याने घासून उन्हात वाळवा. फळीत स्क्रूड्रायव्हर दाबून बघा, सहज रुतला तर ती बदलायची. ब्लीच वापरलंच तर फरशीच्या ॲसिडबरोबर चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू होतो. आणि वास गोडसर, सडका, अचानक आलेला असेल तर तो ओलीचा नाही, मेलेल्या उंदराचा किंवा घुशीचा आहे. तिथे वरचं काही लागू नाही, शोधून काढणं एवढंच.

उतरण्याआधी चार-सहा फळ्या उचलून दिवसभर हवा जाऊ द्या. सासूबाई सांगतात, त्यांच्या माहेरी पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा, उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही, आधी दिवा सोडायचा, दिवा विझला तर माणूस आत नाही. बंद जागेत साठलेल्या वायूने खरंच जीव गेलेले आहेत. दिवा पेटता राहिला तरी एकट्याने उतरू नका, वर कुणीतरी उभं असू द्या. गमबूट, हातमोजे, हातात काठी आणि बॅटरी. पावसाळ्यात साप अशाच जागी येतात, आणि उंदरांच्या मुताने लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो. खाली वायर असेल तर मेन स्विच बंद.

तुम्ही आत्ता, पावसातच विचारताय, म्हणून वास या आठवड्यात जाणार नाही हे सांगायला हवं. आत्ता पन्हळ, मोरी आणि झरोक्यांची फळी एवढं करा, बाकी दिवाळीनंतर. काहीशे रुपयांचा आर्द्रतामापक आणून पोकळीत ठेवा. आकडा 60 टक्क्यांच्या आसपास टिकायला लागला की बुरशीचं भागत नाही. आमच्याकडे तो गेल्या श्रावणात 68 वर होता, पूर्वी 90 च्या पुढे असायचा. सासूबाई आता रात्री आडव्या होऊन झोपतात.

पॉलिथिनच्या कुठल्या बाजूला थेंब आले आणि तुमच्या पागोळ्या जोत्यापासून किती लांब पडतात, ते बघून इथे लिहा. तुमच्या घराला चर लागेल की नुसत्या पन्हळीवर भागेल, ते त्यावरून ठरेल.