ज्युनियरमध्ये चमकणारी मुलं सीनियर संघात कशी रुजवायची?

प्रश्न असा आहे: गोव्यातल्या डिचोलीकडच्या एका फुटबॉल क्लबातली 17-18 वर्षांची मुलं ज्युनियर स्पर्धा गाजवतात, पण सीनियर संघात गेली की हरवतात. काय करावं?

माझ्या मते ही मुलं कौशल्यात नाही, वेगात कमी पडतात. ज्युनियर सामन्यात चेंडू पायाशी आल्यावर मान वर करून बघायला उसंत मिळते. सीनियरमध्ये तेवढ्यात मागून तिशीतला स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, खांदा लावून चेंडू घेऊन जातो. म्हणून चेंडू यायच्या आधीच मागे वळून बघायची सवय हवी, आणि ती नुसती सांगून लागत नाही. आठवड्यातून दोनदा त्यांना मोठ्यांबरोबर छोट्या मैदानावर, दोन टचच्या अटीवर, म्हणजे चेंडूला दोनदाच पाय लावायचा अशा अटीवर, खेळवा.

मग खरे सामने द्या. एफसी गोवा या व्यावसायिक क्लबाने आपला डेव्हलपमेंट संघ, म्हणजे तरुण खेळाडूंचा संघ, गोवा प्रोफेशनल लीग या गोव्यातल्या स्पर्धेत उतरवला. तिथे पोरांची गाठ कसलेल्या पुरुषांशी पडते. बचावपटू सेव्हियर गामा याच वाटेने आयएसएलपर्यंत, म्हणजे इंडियन सुपर लीगपर्यंत, पोचला.

शेवटची दोन मिनिटं मैदानात पाठवणं ही संधी नव्हे. निदान अर्धा तास द्या, आणि चूक झाली तरी पुढच्या सामन्यात त्याला घ्याच. नवखा लेफ्ट बॅक (डाव्या बाजूचा बचावपटू) असेल तर शेजारचा स्टॉपर बोलका हवा, सतत 'मागे बघ', 'पुढे हो' सांगणारा.

बारावीच्या वर्षी मात्र सरावाच्या वेळा आईवडिलांशी बोलूनच ठरवा. चांगली चांगली पोरं तिथेच गळतात, याचं फार वाईट वाटतं.