जंगल तोडून केलेले कुरण शेवटी फायद्याचे ठरते का?

जंगल साफ करून गुरांसाठी कुरण केले, तर त्यातून मिळणारे उत्पन्न झालेली हानी भरून काढते का, असे आपण विचारले आहे. मी मृदाशास्त्र शिकवतो. या प्रश्नावर दीर्घकाळ मोजमाप झाले आहे अशा प्रदेशाविषयी, म्हणजे ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडविषयी लिहितो.

तेथील ब्रिगॅलो हा वृक्ष आपल्या बाभळीच्या गोतातला. १९६२ च्या कायद्यानंतर फिट्झरॉय नदीच्या खोऱ्यातील ब्रिगॅलोची राने पशुपालकांना विकसित करण्यासाठी दिली गेली. दोन बुलडोझरांमध्ये जाड साखळी ताणून झाडे आडवी करायची, ती वाळली की पेटवायची आणि राखेत बफेल, म्हणजे आपले अंजन गवत, पेरायचे, अशी पद्धत होती. सुरुवातीची वर्षे भरभराटीची गेली, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मात्र ते गवत पोसणारे नत्र रानाच्या पानगळीतून शेकडो वर्षांत साठलेले होते. पाच-दहा वर्षांत ते गवताच्याच मुळांत आणि काडीकचऱ्यात अडकून पडते व चाऱ्याचे उत्पादन पुष्कळदा निम्म्यावर येते. त्यामुळे आज तेथील अनेक पशुपालक गवतात ओळीने सुबाभूळ लावतात. जमिनीला नत्र देणारे झाड पुन्हा विकत आणण्याचा हा खर्च मूळ हिशेबात कोणी धरला नव्हता.

पाण्याचा हिशेब त्याहून स्पष्ट आहे. थिओडोर गावाजवळ १९६५ पासून तीन लहान पाणलोटांची नोंद ठेवली जाते. १९८२ मध्ये त्यांपैकी दोन साफ करून एकात पिके व दुसऱ्यात कुरण केले, तिसऱ्यात रान तसेच राखले. साफ केलेल्या दोन्ही पाणलोटांतून वाहून जाणारे पाणी सुमारे दुप्पट झाले. वाहत्या पाण्याबरोबर मातीही जाते; या खोऱ्यातील गाळ शेवटी ग्रेट बॅरिअर रीफ या प्रवाळ खडकांच्या रांगेच्या समुद्रात जातो, आणि त्याची किंमत कुरणाच्या मालकाला मोजावी लागत नाही. मूळ ब्रिगॅलो वनांचा आज दशांशही उरलेला नाही.

म्हणून माझे मत असे की, सपाट व खोल मातीच्या जमिनीवर मालकाला काही दशके फायदा होतो, पण उतारावरचे आणि ओढ्याकाठचे रान तोडणे त्याच्याही हिताचे नाही. हे उदाहरण आपल्याकडच्या माळरानांना मात्र सरसकट लावू नये. दख्खनमधील पुष्कळ माळराने मुळातच गवताळ आहेत, आणि तेथे झाडे लावल्याने माळढोकासारख्या पक्ष्यांचा अधिवास नष्ट होतो.