आर्ट थेरपीने खरंच काही होतं का? माझ्या भावाला तर चित्र काढताच येत नाही

ताई, घोडबंदर रोडवरच्या अपघातात तुमच्या भावाच्या गाडीवर मागे बसलेला मित्र गेला, तेव्हापासून भाऊ झोपत नाही, बोलत नाही, आणि डॉक्टरांनी आर्ट थेरपी सुचवली तर "मी काय बालवाडीत आहे का रंग भरायला?" म्हणाला, असं तुम्ही लिहिलंय. मीही माझ्या डॉक्टरांना जवळजवळ हेच म्हणालो होतो. मला उपयोग झाला. कसा झाला ते सांगतो.

मी ऐरोलीत राहतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीत बावीस वर्षं प्लांट ऑपरेटर होतो. एके दिवशी सेकंड शिफ्टला रिॲक्टरचं टेम्परेचर हाताबाहेर गेलं, सॉल्व्हंटने पेट घेतला आणि आमची दोन माणसं गेली. मी कंट्रोल रूममध्ये होतो म्हणून वाचलो. त्यानंतर चौकशीत तीन वेळा जबाब दिला. किती वाजता किती टेम्परेचर होतं, कोणता व्हॉल्व्ह कोणी बंद केला, सगळं घडाघडा सांगितलं. घरी आलो की मात्र तोंडातून शब्द निघायचा नाही. बायको ताट वाढून समोर बसायची आणि मी भिंतीकडे बघत राहायचो. ट्रक रिव्हर्स घेताना जो आवाज करतो तो ऐकला तरी दरदरून घाम फुटायचा.

मानसोपचारतज्ज्ञांकडे जायलाही मी चार महिने लावले. "ठाण्याला पाठवायला हवं याला" हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय ना. १९०१ सालापासूनचं ते मनोरुग्णालय, आणि आपण त्याची नुसती शिवी करून ठेवली. त्या भीतीपायी मी चार महिने फुकट घालवले. तुम्ही भावाला वेळेवर नेलंत हे फार बरं केलंत.

गोळ्यांनी झोप आली, पण बोलणं काही येईना. तेव्हा डॉक्टरांनी नौपाड्यातल्या एका मॅडमकडे पाठवलं. पहिल्या मजल्यावरची साधी खोली. टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेलं, तेलखडूंचा डबा, पेन्सिली, शाडूच्या मातीचा गोळा. मी म्हटलं, मॅडम, शाळेत एलिमेंटरीच्या परीक्षेलाही बसलो नव्हतो, मला माणूस काढता येत नाही. त्या म्हणाल्या, "माणूस नका काढू. हाताला जे येतं ते काढा."

माझ्या हाताला येतं काय, तर लाईन. नवीन ऑपरेटर आला की त्याला प्लांटची पायपिंग कागदावर काढून दाखवायची ही माझी सवय. मी पट्टी मागितली आणि आमचा सेक्शन काढायला बसलो. रिॲक्टर, कंडेन्सर, दोन पंप, स्टीमची लाईन, कूलिंगची लाईन. तीन बैठका तेच चित्र चाललं. व्हॉल्व्ह न् व्हॉल्व्ह जागेवर. मॅडम मध्ये काही बोलत नव्हत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी कागदाच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "इथे काय येतं?"

तो कोपरा मी कोरा सोडला होता आणि माझ्या ते लक्षातच आलेलं नव्हतं. तिथे सॅम्पल पॉइंट येतो, म्हणजे तपासणीसाठी नमुना काढायची जागा. आमचा हेल्पर तिथे उभा होता. चोवीस वर्षांचा पोरगा. त्याला "सॅम्पल घेऊन ये" असं मीच म्हणालो होतो.

मी काही बोललो नाही. डब्यातला पिवळा खडू घेतला आणि त्या कोपऱ्यात एक ठिपका दिला. त्याचं हेल्मेट. मग तो ठिपका गिरवत बसलो. खडू तुटला, तर तुटक्या तुकड्याने गिरवलं, कागद मेणासारखा गुळगुळीत झाला. आणि मग मी रडलो. जबाबात "सॅम्पल घेण्यास सांगण्यात आले" असं लिहिलं होतं. "मी पाठवलं" हे पहिल्यांदा त्या खोलीत तोंडातून बाहेर पडलं.

मॅडमनी नंतर समजावलं की अशा प्रसंगाची आठवण पुष्कळदा गोष्टीसारखी साठत नाही. ती वास, आवाज, एखादं दृश्य अशा तुकड्यांत राहते, म्हणून सरळ "सांग काय झालं" म्हटलं की माणूस गप्प होतो. हात चालू असला की ते तुकडे कागदावर येतात, समोर टेबलावर पडतात, आणि मग त्यांच्याकडे बघून बोलता येतं. त्यांनी माझं चित्र कधी "वाचलं" नाही. काळा रंग म्हणजे अमुक, लाल म्हणजे तमुक, असं काही नसतं. चित्राचा अर्थ काय, ते चित्र ज्याने काढलं त्यानेच सांगायचं. कोणी तुमच्या भावाच्या चित्रावरून भविष्य सांगितल्यासारखं निदान करू लागलं, तर तिथून उठा.

आर्ट थेरपी हे नाव एड्रियन हिल या इंग्रज चित्रकाराने १९४२ साली दिलं. ते क्षयाने सॅनेटोरियममध्ये पडून होते, तिथे चित्रं काढताना स्वतःला बरं वाटतंय हे त्यांना जाणवलं आणि शेजारच्या रुग्णांनाही त्यांनी ते शिकवलं. चित्र येत नसण्याबद्दल म्हणाल, तर अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी ३९ प्रौढांना ४५ मिनिटं रंग, माती, कोलाज असं काहीही करायला दिलं आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं. ते ताणाचं संप्रेरक. सुमारे ७५ टक्के लोकांचं ते उतरलं, आणि आधी चित्रकला येत होती की नाही याने फरक पडला नाही. हा २०१६ चा अभ्यास. माणसं थोडी, तीही निरोगी, त्यामुळे एवढ्यावरून आघात बरा होतो असं मी म्हणणार नाही. पण "मला येत नाही" ही अडचण नव्हे, एवढं त्यातून नक्की कळतं.

गोळ्या मात्र थांबवू नका. माझ्या दीड वर्ष चालू होत्या, डॉक्टरांनीच हळूहळू कमी केल्या. मॅडम आणि डॉक्टर आपसात बोलायचे, हे फार महत्त्वाचं होतं. भावाला जिथे न्याल तिथे प्रशिक्षण कुठे घेतलं ते विचारा, आणि डॉक्टरांशी बोलणार का तेही विचारा. रविवारचे मंडला रंगवायचे वर्ग मन रमवायला चांगले, पण अशा दुखण्यासाठी ते पुरेसे नाहीत. सुरुवातीच्या काही बैठकांनंतर तो जास्त अस्वस्थ दिसू शकेल. मी तर बैठक झाली की तलावपाळीच्या कट्ट्यावर तासभर बसून मगच ठाण्याहून ऐरोलीची गाडी पकडायचो. पहिले काही दिवस तुम्ही कोणीतरी सोबत जा. रात्री-अपरात्री तो जिवाचं काही बोलू लागला, तर १४४१६ हा टेली मानसचा नंबर आहे, सरकारी, मोफत, चोवीस तास चालू आणि मराठीतही बोलतात.

ते चित्र आठ महिने मॅडमच्या कपाटात होतं. त्यांनी घेऊन जा म्हटलं नाही, मीही मागितलं नाही. मग एक दिवस मागून घेतलं आणि घरी टेबलावर ठेवलं. बायकोने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हा पिवळा कोण?" त्या रात्री आम्ही दोन वाजेपर्यंत बोलत होतो.

तुमचा भाऊ वायरमनचं काम करतो म्हणालात. मग त्याला निसर्गचित्र काढ म्हणू नका, एखादा बोर्ड काढू दे, सर्किट काढू दे, जे हाताला येतं ते. आणि जायच्या आधी त्याला कोणाशी बोलावंसं वाटलं तर मला इथेच कळवा. रविवारी सकाळी मी तलावपाळीवर असतोच.